पत्ते आपले, वही त्यांची

(डोंबिवलीतील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, छपाईसाठी थोडे आवरते घेऊन.)



इंदूरला किंवा हुबळीला गेलात की "मी कल्याणचा" असं सांगून पाहा. एखादा जाणकार दुर्गाडी किल्ल्याची चौकशी करेल. पण त्याच्या शेजारचा आवाज खाली आणून विचारेल, "काय साहेब, आज ओपन काय आलं?" बिचाऱ्या आपल्या गावाचा यात काडीचा दोष नाही. दोष मटक्याचा. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने मुंबईत येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागत. ते १९६१ च्या सुमारास बंद पडलं. १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगत या कच्छी गृहस्थांनी स्वतःच आकडा काढायला सुरुवात केली. दोन वर्षांनी रतन खत्रींचा ‘न्यू वरळी’ आला. भगतांच्या आकड्याला लोक ‘कल्याण’ म्हणू लागले आणि ते नाव आपल्या स्टेशनाच्या पाटीला कायमचं चिकटलं.

मटका वाईटच होता. गिरणगावात पगाराची किती पाकिटं घरी पोचण्याआधी रिकामी झाली, त्याची गणती नाही. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागला तर नऊ रुपये मिळत. आकडे दहा. म्हणजे दर दहा रुपयांतला एक रुपया चालवणाऱ्याचा, हे चौथी शिकलेल्या साच्यावरच्या कामगारालाही कळत होतं. तो फसत होता, पण किती फसतोय ते त्याला ठाऊक होतं.

आज मी बोलणार आहे तो खेळ मटक्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. ऑनलाइन पोकर, आणि त्याच्या शेजारची रमी, तीन पत्ती, फँटसी क्रिकेट. इथे हिशोब इतका बारीक ठेवला जातो की मटकेवाल्याच्या स्वप्नातही आला नसता. माझं म्हणणं एवढंच आहे की तो हिशोब खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसतो, आणि निम्मं नुकसान त्यातून होतं.

ज्या सरांच्या नावाने ही माला चालते ते गणित शिकवत. संभाव्यतेचा धडा आला की ते वर्गात पत्त्यांचा कॅट आणत आणि मुख्याध्यापकांना ते मुळीच आवडत नसे, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकलंय. त्यामुळे हा विषय निवडताना मला संकोच वाटला नाही. मी स्वतः बँकेतला माणूस. निवृत्तीनंतर व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या मित्रांबरोबर बसतो. ते मन पाहतात, मी पासबुक पाहतो.

पत्ते आपल्या भागाला नवे नाहीत. डोंबिवली फास्टमध्ये चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ब्रीफकेस, तिच्यावर रुमाल आणि मेंढीकोट, हे दृश्य इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलंय आणि उरलेल्यांनी त्यात पानं पिसली आहेत. हुकूम लपवणाऱ्याच्या कपाळावरची आठी समोरच्याला दिसायची. कुणी चिडला तर दुसरा म्हणायचा, "अहो जोशी, पत्ते आहेत, प्रॉव्हिडंट फंड नाही." दादर आलं की डाव मोडायचा. मोबाइलमधल्या टेबलाला दादर नाही. एकच अडथळा होता. फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जात तोवर तिथे नेट तुटायचं आणि वेळ संपली म्हणून चांगला हात आपोआप फोल्ड व्हायचा. २०२२ पासून फास्ट लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागल्या आणि तोही गेला. रेल्वेने प्रवाशांची सोय केली ती अशीही.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मध्ये पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडे. या सातांतून उत्तम पाच जमवायचे, आणि प्रत्येक टप्प्याला पैसे लावायचे किंवा पत्ते टाकून द्यायचे. तीन पत्तीतलं ‘पॅक’ आणि ‘चाल’ ज्याला कळतं त्याला ‘फोल्ड’ आणि ‘रेझ’ कळायला पाच मिनिटं पुरतात. चांगलं खेळायला मात्र वर्षं लागतात, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पोकरला निव्वळ जुगार म्हणणारा माणूस बहुधा ते नीट खेळलेला नसतो.

आता सरांच्या धड्यातलं एक उदाहरण घेऊ. बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते १३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यांतले सहा प्रकार दोन एक्क्यांचे. म्हणजे २२१ डावांत सरासरी एकदा तुमच्या हातात एक्क्यांची जोडी येणार. याहून चांगली सुरुवात नाही. समोर एकच गडी असेल, त्याच्याकडे काहीही असो, तर ही जोडी शंभरातल्या सुमारे ८५ वेळा जिंकते. उलटं वाचलं तर सातातल्या साधारण एका वेळी हरते. आता माणूस काय करतो? जिंकलेले सहा डाव आपल्या हुशारीच्या खात्यावर जमा करतो आणि हरलेला सातवा नशिबाच्या नावे टाकतो. त्या सातव्या डावानंतर त्याचा तोल जातो. पोकरवाले त्याला ‘टिल्ट’ म्हणतात. मग तो वाईट पत्त्यांवरही पैसे लावू लागतो, रक्कम दुप्पट करतो, टेबल बदलतो. आपल्याकडची मुलं याला ‘रिकव्हरी’ म्हणतात. गेलेले काढायचे. शंभरातली नव्वद घरं या एका क्रियापदाने बुडाली असं म्हणायचा मोह होतो, पण माझ्याकडे तसा आकडा नाही, म्हणून म्हणत नाही.

या रोगावर खेळाडूंनी स्वतःच एक औषध शोधलं, आणि ते सॉफ्टवेअर आहे. पोकरट्रॅकर, होल्डेम मॅनेजर ही त्यांची नावं. तुम्ही खेळलेला प्रत्येक डाव ते टिपून ठेवतं. शंभरातल्या किती डावांत तुम्ही आपण होऊन पैसे टाकले, किती वेळा रक्कम वाढवली, कोणत्या जागेवर बसून हरता, किती वाजल्यानंतर हरता. समोरच्याचेही आकडे त्याच्या नावाशेजारी दिसतात. शंभरातले पन्नास डाव खेळणारा दिसला की जाणकार समजतो, हा आपलं गिऱ्हाईक. वीसच्या आसपास खेळणारा असेल तर जपून.

कल्याणचा एक तरुण इंजिनिअर आमच्याकडे आला होता. लॅपटॉप उघडून त्याने मला आपला आलेख दाखवला. रात्री अकरापर्यंतच्या डावांची रेघ जवळजवळ सपाट होती, थोडी वरच. अकरानंतरच्या डावांची रेघ वेगळी काढली तर ती जिन्यावरून घरंगळल्यासारखी खाली. पत्ते तेच, नियम तेच, गडीही पुष्कळसे तेच. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "काका, पोकर मला येतं. उठता येत नाही." त्याच्या आईला आम्ही जे चार बैठकांत पटवू शकलो नसतो ते त्या रेघेने एका मिनिटात पटवलं. म्हणून मी या सॉफ्टवेअरला मदतीचं सॉफ्टवेअर म्हणतो. जिंकायला मदत होते की नाही ते बाजूला ठेवा, ते खोटं बोलत नाही.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे सॉल्व्हर. एखाद्या स्थितीत बिनचूक चाल कोणती, ते गणिताने काढणारा प्रोग्राम. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा ‘लिब्राटस’ हा प्रोग्राम चार अव्वल व्यावसायिक खेळाडूंसमोर बसवला. वीस दिवस, एक लाख वीस हजार डाव. चौघेही हरले. त्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. स्वतःशीच डावांमागून डाव खेळायचे, प्रत्येक चालीनंतर मोजायचं की दुसरी चाल केली असती तर किती जास्त मिळालं असतं, आणि तो पस्तावा आकड्यांत मांडून पुढच्या वेळी तेवढं वळायचं. पस्तावा यंत्रालाही होतो. फक्त ते त्यापायी रात्री दोन वाजता पुन्हा पैसे भरत नाही.

यातून एक ओंगळ प्रश्न निघतोच. यंत्र जर जगातल्या उत्तम खेळाडूंना हरवतं, तर ऑनलाइन टेबलावर ‘राजू_७७’ या नावाने बसलेला राजू हा राजूच आहे कशावरून? चालू डावात असली मदत घेण्याला नावाजलेल्या साइट्स बंदी घालतात, पकडतातही. पण पकडायचं काम त्यांचंच, आणि नोंदीही त्यांच्याच. २००७ मध्ये ‘अ‍ॅब्सोल्यूट पोकर’ या परदेशी साइटवर एक खातं इतरांचे झाकलेले पत्ते पाहून खेळत होतं. हे उघड कुणी केलं? सरकारने नाही, कंपनीनेही नाही. एका स्पर्धकाने आपल्या डावांची नोंद मागितली, कंपनीकडून चुकून सगळ्यांच्या पत्त्यांची फाइल आली, आणि खेळाडूंनी ती ओळ न ओळ तपासली. इतकं अचूक कुणी खेळूच शकत नाही, हे आकड्यांनी सिद्ध झालं. वही हातात पडली म्हणून चोर सापडला.

ज्यांच्या हाती वही पडली नाही त्यांचं काय होतं, ते आपल्या राज्यातच पाहा. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तक्रार दिली की ऑनलाइन जुगाराच्या अ‍ॅपवर आपले सुमारे ५८ कोटी रुपये गेले. आधी थोडं जिंकू दिलं, मग नुसतं हरत गेलो, अ‍ॅपच हातचलाखीचं होतं, असा त्यांचा आरोप होता. गोंदियातल्या आरोपी बुकीच्या घरावर छापा पडला तेव्हा पोलिसांना कोट्यवधींची रोकड आणि किलोंच्या हिशोबात सोनं मिळालं. पत्ते कोणी पिसले, हे त्या व्यापाऱ्याने एकदाही पाहिलं नव्हतं. आपणही फार दूर नाही. मे २०१८ मध्ये ठाणे पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकाने आयपीएलचा सट्टा पकडला, त्या तपासाचं पहिलं टोक डोंबिवलीतच सापडलं होतं. पुढे हिंदी सिनेमातल्या एका नटाला जबाब द्यायला ठाण्याला यावं लागलं.

आता प्रामाणिक कंपनी धरून चालू. कुणाचे पत्ते कुणाला दिसत नाहीत, रोबो नाहीत. तरी टेबल चालवणारा दर डावातून आपला वाटा काढतो, त्याला ‘रेक’ म्हणतात. सहा जण, प्रत्येकाचे हजार रुपये, सगळे सारखेच हुशार. दर डावात शंभर रुपये जमतात आणि त्यातले पाच रुपये कंपनीचे, असं माना. ऑनलाइन टेबलावर तासाला सत्तर डाव सहज होतात. म्हणजे तासाला साडेतीनशे. सतरा तासांत टेबलावरचे सहा हजार जवळपास सगळे कंपनीकडे, आणि सहाही जणांना वाटतंय की आपल्यातलाच कुणीतरी जिंकतोय. हा हिशोब मी कंपनीच्या जाहिरातीत कधी पाहिला नाही. जाहिरातीत क्रिकेटपटू असत. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडूंनी सचिन तेंडुलकरच्या घरासमोर आंदोलन केलं ते याच जाहिरातींवरून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला फँटसी क्रिकेटमध्ये दीड कोटी लागले. आनंदाने बातमी सांगितली आणि निलंबनाचा कागद हातात आला.

कंपनीकडेही ट्रॅकर असतो, आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. तुम्ही कधी पैसे भरता, किती हरल्यावर उठता, उठल्यावर कितव्या दिवशी परतता, पगार कोणत्या तारखेला होतो. चार दिवस गेला नाहीत की फोन वाजतो: ‘तुमच्यासाठी पाचशेचा बोनस, फक्त आज.’ शेजारच्या ठाण्यात ज्यांच्या नावाचं रंगायतन आहे त्या राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’मध्ये तळीराम रंगवला. सुधाकराचं दुःख नेमकं कुठे आहे ते ओळखून पहिला पेला पुढे करणारा. नोटिफिकेशन हा तळीराम आहे. गडकऱ्यांच्या तळीरामाला निदान दारात येऊन उभं राहावं लागे. सुधाकराची बायको सिंधू त्याला पाहू शकत होती. आजच्या सिंधूला नवऱ्याच्या उशाजवळचा फोन उजळलेला दिसतो, आणि ऑफिसचं काम असेल म्हणून ती कूस बदलते.

मी पाहिलेलं एक खातेउताऱ्याचं पान सांगतो. नाव नाही, सोसायटी नाही. रात्री १२:५० ला २०० रुपये गेले. १:०४ ला ५००. १:११ ला पुन्हा ५००. १:२६ ला १५०० जमा, म्हणजे जिंकून काढून घेतले. शाबास. १:३५ ला १५०० परत गेले. मग १०००, २०००, २०००. ३:१० ला झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून ८००० जमा. ३:१२ ला ५००० गेले, मग उरलेलेही. खाली सकाळी ७:४० ला दूधवाल्याला ६८० रुपये, ‘बॅलन्स अपुरा’ म्हणून नाकारलेले. वडील उताऱ्यावर बोट ठेवून विचारत होते, "हे दोनशे-पाचशे कसले? मला वाटलं चहापाणी." हे वडील विजेचं बिल मागच्या वर्षीच्या बिलाशी ताडून पाहणारे. अशा घरात एवढं भोक पडतं कारण यूपीआयची एक नोंद दुसरीसारखीच दिसते. भाजी आणि जुगार एकाच टंकात छापले जातात.

आता कायद्याकडे. आपल्याकडे सगळा वाद कौशल्य की नशीब, एवढ्यावर खेळला गेला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात कौशल्याच्या खेळांना सूट होती. १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सीमारेषा पक्की केली, १९६७ मध्ये रमी मुख्यतः कौशल्याची ठरली. पोकरवर उच्च न्यायालयांचंच एकमत होईना. कर्नाटकात सवलत, गुजरातमध्ये २०१७ साली नकार. कंपन्यांनी ‘गेम ऑफ स्किल’ हे शब्द छातीवर लावून धंदा वाढवला. मला हा वाद नेहमीच चुकीच्या दारावरची टकटक वाटत आला. कौशल्य आहेच. पण कौशल्याच्या खेळात अकुशल माणूस जास्त लवकर हरतो, हे त्या युक्तिवादाचं दुसरं टोक कुणी उचललं नाही. तिकिटाच्या लॉटरीत माझी आणि प्रोफेसरांची संधी सारखी. पोकरमध्ये दहावी नापास पोराच्या समोर सॉल्व्हर घोकलेला माणूस बसलेला असतो.

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसून राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला. आपण जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. खातं बदललं, क्रीडा खातं मिळालं. यावर मी विनोद करणार नाही, तुम्ही सगळे ते करून दमला आहात. महिनाभरात, २२ ऑगस्टला, पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य असो की नशीब, फरक ठेवला नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तो पीडित मानला. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक वीस हजार कोटींच्या आसपास गमावतात, असा अंदाज सरकारी गोटातून सांगितला गेला. मोठ्या देशी कंपन्यांनी आठवडाभरात पैशांचे खेळ बंद केले. काही जण न्यायालयात गेले आणि प्रकरणं सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग झाली.

बंदीच्या बाजूने मी आहे, पण टाळ्या वाजवत नाही. जाहिराती गेल्या हे फार मोठं काम झालं. त्याचबरोबर देशी कंपन्यांकडे जे थोडंफार होतं, ओळख तपासणी, स्वतःच लावायची मर्यादा, तक्रारीचा पत्ता, तेही गेलं. उरल्या त्या टेलिग्रामवरून मिळणाऱ्या परदेशी लिंका आणि त्यांचे पैसे गोळा करणारी भाड्याची खाती. बँकेत बसून हे ओळखू येतं. कॉलेजच्या मुलाचं बचत खातं, पाच-सहा महिने झोपलेलं, अचानक दिवसाला दोनशे नोंदी, आणि संध्याकाळी शिल्लक शून्य. त्या मुलाला महिन्याला चार-पाच हजार मिळतात आणि पुढे पोलिसांची नोटीस येते. आपली मुलं खेळत नाहीत म्हणून निश्चिंत असलेल्या आईवडिलांनी एवढं विचारून घ्यावं, की तुझं खातं कुणाला वापरायला तर दिलेलं नाहीस ना.

मग करायचं काय? ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ नावाची सोय आहे. एकदा नाव नोंदवलं की परवाना असलेली कोणतीही साइट त्या माणसाला खेळू देऊ शकत नाही, आणि २०२० पासून हे सगळ्यांवर बंधनकारक आहे. काही बँका खातेदाराला अ‍ॅपमध्ये एक कळ देतात. ती दाबली की जुगाराची देवाणघेवाण अडते. आपल्याकडे २०२० पासून कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार स्वतः बंद-चालू करता येतात, मग रात्री बारा ते सहा यूपीआय बंद ठेवायची कळ का नको? ब्रिटनची कळ व्यापाराच्या संकेतांकावरून जुगार ओळखते. भाड्याच्या खात्यांना तो नसतो, तिथे ती युक्ती चालणार नाही. पण घड्याळ सगळ्यांना सारखंच लागू पडतं. माझ्या पाहण्यातले खड्डे बहुतेक मध्यरात्रीनंतरचे आहेत. सभागृहात बँकांतली मंडळी पुष्कळ दिसतात. ही मागणी आपापल्या युनियनमधून वर पाठवा, आम्ही निवृत्त माणसं नुसती भाषणं देऊ शकतो. फोनवर असल्या साइट्स अडवणारी ‘बेटब्लॉकर’सारखी मोफत सॉफ्टवेअरही आहेत. सुटायचं ठरवलेल्याला त्यांचा उपयोग होतो, न ठरवलेल्याला होत नाही.

आणि उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहे, २०२२ पासून लागू झालेल्या नव्या यादीत गेमिंगचंही आहे. पुण्याचं मुक्तांगण आपल्याला दारूसाठी माहीत आहे, ठाण्याची डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था तर आपल्या दारातच आहे. मुलगा कर्ज सांगेल तेव्हा पहिल्या रात्री ते फेडून मोकळे होऊ नका. आधी गेल्या सहा महिन्यांचा उतारा छापून घ्या, त्याच्याच हाताने लाल पेनने नोंदी खुणावून घ्या आणि बेरीज त्यालाच करू द्या. ओरडू नका, पेन पुढे करा.

पैसे फसवून गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच, त्याच तासात फोन करा. मन ताब्यात राहत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, चोवीस तास चालू, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.